फोनातला वाघ आन घरातले भाटवे

गडचिरोलीचा पोट्टा लिहून राह्यला म्हणलं का तुमी तयारच बसले असान. आता हा सागाचं जंगल सांगन, मोहाचा वास सांगन, चांदण्यात कुठीतरी ढोल वाजवन आन शेवटी डोळ्यातून पाणी काढन. नाई काढत. जंगल इथीच हाय, उद्याबी राहीन, तुमी येऊन पाहून घ्या. मले सांगाचे हायेत आमचे भाटवे, म्हणजे माह्या सख्ख्या ताईचा नवरा. मोबाईलचं अ‍ॅप फोनातच बसवावं का नुसती लिंक उघडून काम भागवावं, या एका गोष्टीपायी हा माणूस माह्यासोबत, अख्ख्या गावासोबत आन शेवटी देवासोबतबी भांडला. वैनगंगेपासून खाली गोदावरीपर्यंत मी येवढा हट्टी माणूस पाह्यला नाई. सागाचं लाकूड एखाद्या वेळेस वाकन, भाटवे नाई वाकणार.

भाटव्याचा धर्म एकच. "जे आपल्याजवळ हाय तेच आपलं, साळेबुवा. बाकी सगळं टावरच्या भरोशावर." मले ते साळेबुवाच म्हणतेत, मी नववीत होतो तवापासून. कोणाच्याबी लग्नात पंगतीले बसले का भाटवे खिशातून कागदाची पुडी काढतेत. पुडीत मीठ आन दोन मिरच्या. एकदा सिरोंच्याकडच्या एका लग्नात मीठवाला त्यायच्या ओळीपर्यंत पोचलाच नाई म्हणे, तवापासून त्यायनं जगातल्या कोणत्याच वाढप्यावर भरोसा ठेवला नाई. एप्रिलच्या उन्हात छत्री, भर दुपारी टॉर्च. फोन नंबर सगळे तोंडपाठ. ताईचा, माहा, गॅसवाल्याचा, तहसीलच्या बाबूचा, आन मागच्या साली वारलेल्या काकाचाबी. मी म्हणलो, "भाऊजी, त्यायचा काऊन पाठ ठेवला आता?" तं म्हणे, "त्यायनं कुठी परत मांगितला?" ताईले पाहाले आले तवा पिशवीत सोताचा कप घेऊन आले होते. तुमच्या घरी कप कमी पडले तं, असं कारण. आई आत येऊन बाबाले म्हणाली, "या माणसाजवळ सगळंच हाय, याले आपली पोरगी कायले पायजे?" पण ताई हसली, आन जिथी ताई हसली तिथी आमच्या घरचा निकाल लागते. पुढं बाबाचा पाय मोडला, शेत पाहाले कोणी नोतं, मी चंद्रपूरले शिकून राह्यलो होतो, म्हणून भाटवे दोन महिन्यासाठी आमच्या घरी राहाले आले. त्याले आता सहा वर्ष झाले.

अहेरीत त्यायचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय. आलापल्लीच्या आत आमचं गाव, तिथून रोज मोटरसायकलनं जातेत. अ‍ॅप बनवणं सोताच शिकले, तेबी सगळे व्हिडिओ आधी डाऊनलोड करून, मंग इंटरनेट बंद करून. दुकानात कोणी गाणं मांगाले आलं का पहिला सवाल, "आयकाचं हाय का ठेवाचं?" आयकाचं म्हणलं का माणूस वाया गेला. आमच्या चुलतभावाच्या वरातीत डीजेवाला इंटरनेटवरून गाणे वाजवून राह्यला होता. गावचा नाला ओलांडला आन गाणं मधातच गेलं. नवरदेव एक हात वर करून घोड्यावर तसाच, बाया फुगडीत तशाच, अख्खी वरात फोटोतल्यासारखी. भाटव्यानं शांतपणानं पाकिटातून मेमरी कार्ड काढलं, डीजेवाल्याच्या हातात देल्लं आन म्हणाले, "घे. दोनशे गाणे हायेत. नाल्याले भेत नाईत." सोता नाचले नाईत. बाजूले उभे राहून वरात अशी पाहून राह्यले होते का जशी त्यायनंच जन्माले घातली.

आता माहं आयका. मी चंद्रपूरले कॉम्प्युटर शिकलो, वेबसाइटा बनवतो, आन वरून नकला करतो. मास्तर, कंडक्टर, सरपंच, रेंजर साहेब, कोणाचीबी. गावात मले नावानं कमी आन नकल्या म्हणून जास्त बोलावतेत. मी वेबचा माणूस, भाटवे फोनात बसवाच्या अ‍ॅपचे, मंग जेवताना दुसरं काय होणार? एक दिवस मी ताटावर बसून भाषणच ठोकलं. म्हणलो, "भाऊजी, वेब म्हणजे पाहुणा. बोलावलं तं आला, काम सांगितलं, चहा घेतला, गेला. कोणत्याबी फोनात चालते, जागा मांगत नाई. काही चुकलं तं मी इथून एकडाव सुधारलं का सगळ्यायचं सुधरते. आन तुमचं ते बसवलेलं अ‍ॅप म्हणजे घरजावई. एकडाव आला का जात नाई, जागा खाते, बॅटरी खाते, वरून दर महिन्याले अपडेट मांगते."

वाक्य सुटलं आन मंग मले दिसलं का समोर कोण जेवून राह्यलं. आईचा वरणाचा पळा हवेतच थांबला. ताईनं माह्याकडं असं पाह्यलं का मी पोळी तिथंच ठेवून देल्ली. भाटव्यानं घास चावला, पाणी पिलं आन म्हणाले, "घरजावई जागा खाते, हे खरं. पण वादळात कवेलू उडतेत ना, साळेबुवा, तवा पाहुणा वर नाई चढत." मागच्या पावसाळ्यात आमच्या छतावर पाण्यात दोन घंटे कोण बसलं होतं, ते सगळ्यायले आठवलं. मी पोळी परत उचलली आन गुपचूप खाल्ली. पण वेबचं मी सोडलं नोतं, सांगून ठेवतो.

आता हा वाद नुसता जेवणातला राह्यला असता तं मी लिहिलंच नसतं. पण आमच्या इथी मोहाच्या दिवसात बाया पहाटे टोपल्या घेऊन जंगलात पडलेले फुलं येचाले जातेत, ताईबी जाते. मागच्या हंगामात नाल्याजवळ ताईच्या आन वाघाच्या मधात एक पळस होता. येवढंच अंतर. वाघ उठला, यायच्याकडं पाह्यलं आन निघून गेला, त्याचं पोट भरलं असन. ताई रिकामी टोपली घेऊन मांगं फिरली. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, येताना तिच्या फोनात मॅसेज वाजला. जंगलाच्या गार्ड साहेबानं पहाटेच गावाच्या ग्रुपवर टाकला होता, का नाल्याकडं वाघ हाय, कोणी जाऊ नका. आमच्या गावात नेटवर्क फक्त पाळीवर येते, म्हणून मॅसेज येऊन पाळीवर बसला होता, ताईची वाट पाहत. भाटव्यानं तो मॅसेज वाचला, फोन ताईले परत देला आन त्या दिवशी दुकानात गेले नाईत. दुसऱ्या दिवशीपासून अ‍ॅप बनवाले बसले.

या साली मोह पडाले आठ दिवस राह्यले तवा ग्रामसभेत ठरवाचं होतं, वाघाची खबर बायांपर्यंत कशी पोचवाची. भाटव्याचं अ‍ॅप का माही वेबची लिंक. सभा पाळीवरच घेतली, कारण फोन दाखवाचा होता. मी आधी गार्ड साहेबाची नक्कल केली, "गावकरी बंधू-भगिनींनो, वन्यप्राण्यास त्रास देऊ नये," लोकं हसून हसून लोळले, आन तेवढ्यात मी लिंक उघडली. फटकन नकाशा आला, नाल्यावर लाल ठिपका, किती वाजता दिसला ते खाली लिहिलेलं. टाळ्या पडल्या. सोनाबाईनंबी वाजवल्या. सोनाबाई म्हणजे मोह येचाले जाणाऱ्या साऱ्या बायांची पुढारीण. साठीची बुढी, पण आवाज असा का तिनं इकडं हाक मारली तं तलावाच्या पलीकडची गाय वळते. ती म्हणाली, "नकल्याचं सोपं हाय. बोट लावलं का दिसते."

भाटवे उठले. म्हणाले, "हाव, सोपं हाय. आता सगळे उठा आन माह्या मांगं चला."

"कुठी?" सरपंच म्हणाले.

"जिथी मोह पडते तिथी. का मोह पाळीवर पडते?"

अख्खी ग्रामसभा भाटव्याच्या मांगं पाळीवरून खाली उतरली. जंगलाच्या तोंडाशी, पहिल्या मोहाच्या झाडाखाली त्यायनं सगळ्यायले थांबवलं. "साळेबुवा, उघडा आता." मी उघडलं. पांढऱ्या पानावर एक गोल फिराले लागला. फिरला, फिरला, फिरतच राह्यला. सोनाबाईनं वाकून पाह्यलं. "कवापर्यंत फिरन हे?"

"वाघाचं जेवण होईपर्यंत," भाटवे म्हणाले.

सोनाबाईनं त्यायच्या पाठीत असा धपका हाणला का छत्री खाली पडली. "नाव नको घेऊ बे जवाई इथी! नाव घेतलं का येते तो!" आमच्याकडं जंगलात पाय ठेवला का वाघाले वाघ म्हणत नाईत. 'तो' म्हणाचं. मी घरी खाटेवर बसून लिहून राह्यलो म्हणून नाव घेतो.

मी हार मानली नोती. म्हणलो, "वेबबी थोडं बिना नेटवर्कचं चालवता येते. पाळीवर उघडून ठेवलं का नकाशा फोनात राहते." भाटवे माह्याकडं वळले. "राहते. मंग बाई काय, हातात फोन धरून नकाशा पाहत मोह येचन? फोन ओच्यात बांधलेला, स्क्रीन बंद. तुमची लिंक ओच्यातून ओरडते का?" मी म्हणलो, "नाई." भाटव्यानं सोताचा फोन खिशात घातला, नाल्याच्या दिशेनं चालाले लागले. वीस पावलावर खिशातून टिंग टिंग टिंग असा आवाज आला. नेटवर्क नाई, काही नाई. आपण कुठी हाओ ते फोनाले आभाळातून समजते, त्याले टावर लागत नाई. आन खबर पाळीवरून येतानाच फोनात उतरून बसलेली, त्या जागेजवळ गेलं का फोन वाजते. सभेत ठरलं, जवाईचंच बसवाचं.

भाटवे घरोघरी फिरून बसवाले लागले. बसवताना दर फोन इशारा दे, हे अ‍ॅप धोकादायक असू शकते, खात्री हाय का? सोनाबाईच्या नातवानं ते मोठ्यानं वाचलं, आन सोनाबाईनं इचारलं, "त्याच्यापेक्षाबी धोकादायक हाय का बे?" भाटवे चिडून म्हणाले, "फोन बनवणाऱ्यायनं 'तो' पाह्यला नाई म्हणून तसं लिहितेत." तीन दिवसात सगळ्यायच्या फोनात अ‍ॅप. चौथ्या दिवशी भाटव्यानं पाह्यलं तं एकाबी फोनात नाई. सगळ्या बायांनी पुसून टाकलं.

कारण अ‍ॅपचं चित्र. भाटव्यानं वाघाचं तोंड लावलं होतं, मिशा-बिशा, पिवळे डोळे, गजब मेहनत घेऊन. आन बाया म्हणे, जिथी नाव घेत नाई तिथी त्याले ओच्यात बांधून न्याचं? लिंक असती तं उघडली आन बंद केली, तो आला आन गेला. हा तं फोनात घर करून बसला. भाटवे लाल झाले. ते विहाराच्या लायब्ररीतले पुस्तकं वाचून मोठे झालेले, असल्या गोष्टी मानत नाईत. घरी येऊन ताईवर ओरडले, "तूबी पुसलं?" ताई चूल फुंकत म्हणाली, "मानत तं मीबी नाई. पण जंगलात नाव मीबी घेत नाई."

सकाळी भाटवे हट्टानंच उठले. "चित्रच पायजे ना वेगळं? देतो." आन गावाच्या शिवेवरचा वाघोबा, तो शेंदूर लावलेला दगड, त्याचा फोटो काढून अ‍ॅपवर लावला. आता कोणी पुसून दाखवा म्हणे. खरंच कोणी पुसलं नाई. सगळ्यायनं हात जोडून बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी भाटवे सोनाबाईच्या घरी गेले तं फोन देवघरात. खाली लाल कपडा, वर कुंकवाचा टिळा, थेट क्यामेऱ्यावर. भाटवे दारातून ओरडले, "बाई, हे जंगलात न्याले बनवलो मी!"

"देवाले खरकट्या हातानं मोह येचाले नेऊ का बे?" सोनाबाई आतून म्हणाली. "घरी बसूनच राखन तो."

मोह दोन दिवसावर आला होता. भाटवे घरी येऊन खाटेवर पालथे पडले. मी पहिल्यांदा त्यायले असं पाह्यलं. देवाले बदलता येते, बायांले बदलता येत नाई, असं काहीतरी उशीत पुटपुटत होते. मले राहवलं नाई. मी म्हणलो, "भाऊजी, टोपली लावा ना. मोहाची टोपली. ती जंगलातच जाते, घरी ठेवली तं काय कामाची?" त्यायनं उशीतून एक डोळा काढला. वेबवाल्याकडून सल्ला घेणं त्यायले किती जड गेलं ते त्या डोळ्यात दिसून राह्यलं होतं. पण टोपली लागली, आन टोपली सगळ्या फोनात राह्यली.

एक अडचण उरली होती. ती टिंग टिंग. बाया म्हणे, रिचार्ज संपल्याचाबी तसाच आवाज येते, कोण पाहते? भाटव्यानं भोंगा लावून पाह्यला तं दोघींनी फोनच बंद करून टाकला. आता इथी माहं काम होतं. या बाया जंगलात कोणाचं आयकतेत? एकाच माणसाचं. मी फोन तोंडाजवळ धरला, गळा ताणला आन सोनाबाई काढली. "ए बायाहो! कुठी चालल्या व पुढं? डोळे घरी ठेवून आल्या का? मांगं फिरा! आत्ताच्या आत्ता मांगं फिरा!" स्वयंपाकघरातून आई पदर सावरत बाहेर आली, "बाई, या ना बसा," म्हणत. भाटवे म्हणाले, "हेच." सोनाबाईले मात्र इचारलं नाई. इचारलं असतं तं नाईच म्हणाली असती, आन मोह काही थांबत नाई.

मोह पडाले लागल्याच्या चौथ्या दिवशी बाया उजाडताना निघाल्या, बारा जणी, पुढं सोनाबाई. गार्ड साहेबानं आदल्या दिवशी संध्याकाळी अ‍ॅपवर वाघाची खबर टाकली होती, पाळीवरून जाताना ती सगळ्यायच्या फोनात उतरली. मी पाळीवर गेलो तं भाटवे आधीच तिथी उभे, कडूनिंबाची काडी घेऊन दात घासून राह्यले होते. एक घंट्यापासून घासून राह्यले होते, काडी झिजून बोटाएवढी राह्यली होती. मी म्हणलो, "भाऊजी, दात राहू द्या काही." त्यायनं आयकलंच नाई. डोळे जंगलाच्या वाटेवर.

पुढचं ताईनं सांगितलं. नाल्याच्या अलीकडं पोचल्या आन एकाएकी ओच्या-ओच्यातून सोनाबाई ओरडाले लागली. बारा ओच्यातून बारा सोनाबाया. "डोळे घरी ठेवून आल्या का? मांगं फिरा!" कोणी वर पाह्यलं नाई, कोणी फोन काढला नाई, सगळ्या गर्रकन फिरल्या आन चालू पडल्या, जशा वीस वर्षांपासून फिरतेत तशा. सोनाबाईबी फिरली. सगळ्यायच्या मांगं, टोपली डोक्यावर, खाल मान घालून भरभर. चांगली तीसेक पावलं आल्यावर थबकली. म्हणे, "थांबा व! मी तं तोंडच नाई उघडली!"

पण तोपर्यंत पाळ दिसून राह्यली होती. दुपारी गार्ड साहेब नाल्यावर जाऊन आले. म्हणाले, ओल्या चिखलात पंजे होते, इतके ताजे का त्यात पाणी भरून राह्यलं होतं.

आन लगेच आमच्या अंगणात सोनाबाई. मांगं अकरा बाया, मजा पाहाले. भाटवे खाटेवरून उठले, मी खांबामांगं गेलो. तिनं पहिले मलेच पकडलं. "बाहेर ये बे नकल्या! मी अशी ओरडतो? अशी भेकाडासारखी?" मांगून सगळ्या बाया एका आवाजात म्हणाल्या, "हाव!" तिनं मांगं पाह्यलं आन सगळ्या जमिनीकडं पाहाले लागल्या. "इचारला होता मले? चोरून माणसाचा गळा फोनात भरतेत का? उद्या मी मेलो तं काय हा पोट्टा मले रोज जंगलात हाकलन?" मी खांबाले आणखी चिकटलो.

भाटवे मधात पडले, नेहमीच्या तोऱ्यात. "बाई, चूक माही. पण आवाज तुमचा होता म्हणून फिरल्या. टावर नोता, पाहुणा नोता, जे ओच्यात होतं तेच कामाले आलं. मी म्हणतच होतो..."

"तू बोलूच नको जवाई," सोनाबाई म्हणाली, आन तिचा आवाज एकाएकी खाली आला, म्हणून आमाले जास्त भेव वाटलं. "गाव पाळीवरून उतरवला, देव फोनात घातला, मले घातला. कायपायी? मले काय दिसत नाई, पाळीवर काडी चघळत कोण उभं होतं ते? बायको दिसली का काडी फेकून घरी पळाला, जसा काही पाह्यलंच नाई." ताई दारात उभी होती, पदराचं टोक बोटाले गुंडाळत. भाटव्यानं खिशातून टॉर्च काढला, भर दुपारी पेटवला आन परत विझवला. सोनाबाईनं टोपली कमरेवर घेतली. "जीव येवढा अडकते तिच्यात, तं येवढं मोठं यंत्र कायले बनवला बे? एकडाव तोंडानं सांगता येत नोतं का तिले, का तू गेली का मले भेव वाटते म्हणून?"